बेचाळीस गावांची एकमुखी मागणी

वरून आलेल्या पत्रावर 'तातडीचे' असा शिक्का असला की ते महिनाभर टेबलावर पडून राहतं आणि शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांना एकदम आठवतं, हे कचेरीत नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको. गहू संशोधन केंद्रात असं एक पत्र दर वर्षी यायचं. सोबत बेचाळीस कोरे तक्ते. प्रत्येक गावात सभा घ्यायची, शेतकऱ्यांना विचारायचं की, येत्या दहा वर्षांत तुमच्या शेतावर कोणती संकटं येतील असं वाटतं, आणि त्यासाठी केंद्राने आजपासून कशावर काम करावं? गाव म्हणेल ते लिहायचं, सह्या घ्यायच्या, पाठवायचं. त्यावरून वरची समिती ठरवणार की माणसं आणि जमीन कोणत्या संशोधनाला द्यायची.

प्रश्न शहाणपणाचा होता, यात वाद नाही. पण गावं बेचाळीस आणि जीप एक, तीही निम्मं वर्ष दुरुस्तीला. शिवाय सभेला बोलावलं तर लोक म्हणत, "आम्हाला काय विचारता? तुम्ही शिकलेले, तुम्हीच लिहा काहीतरी." म्हणून हे काम बिनचूकरावांकडे आलं.

बिनचूकराव म्हणजे केंद्राचे नोंदणी कारकून. बावीस वर्षांत त्यांचा एकही कागद वरून परत आला नव्हता, म्हणून हे नाव. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. तक्ते भरायची त्यांची पद्धतही बिनचूक होती. पाच पेनं, चार वळणाची अक्षरं. मजकूर मात्र ठरलेला, 'जास्त उतारा देणारे व लवकर तयार होणारे वाण हवे.' उतारा म्हणजे एकरी निघणारं पीक. सगळीकडे तेच दिसलं तर संशय येतो, म्हणून पाच-सहा गावांना ते 'कमी पाण्यात येणारे' अशी एक ओळ बक्षीस द्यायचे. दुपारी बसले की पाचच्या आत बेचाळीस गावांचं भविष्य लिहून मोकळे!

सह्यांची सोय त्यांच्या ताईने केली होती. थोरली बहीण तासाभराच्या अंतरावर गहू करायची. बियाणं वाटपाच्या दिवशी आसपासची सगळी गावं गोदामावर जमत. ताई कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा घेऊन दारात बसायची. "माझ्या धाकट्याचं काम आहे रे. कर सही, जीव नाही जात तुझा!" लोक हसत आणि सही करत. नऊ वर्षं हे असं चाललं. कुणाला त्यात काही वाईट दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हाआम्हालाही दिसलं नसतं.

एकदाच कुणीतरी टोकलं होतं. केंद्राच्या सात नंबरच्या तुकड्यात तीस वर्षं राबणारी मावशी तीन वर्षांपूर्वी कचेरीच्या खिडकीशी आली होती. त्या तुकड्यात तांबेऱ्याला दाद न देणारा गहू शोधायचं काम चाले. तांबेरा म्हणजे पानावर येणारी नारिंगी बुरशी. ती पान खाते आणि दाणा सुरकुतून जातो.

"भाऊ," मावशी म्हणाली, "पूर्वी तांबेरा अगदी शेवटी यायचा, तेव्हा दाणा भरलेला असायचा. आता ओंबी बाहेर पडायच्या आधीच येतोय. हे काही बरं लक्षण नाही. तुमच्या त्या तक्त्यात लिहा ना."

"मावशी, तक्ता गावाचा असतो," बिनचूकराव नियमावर बोट ठेवून म्हणाले. "कुणीही उठून त्यात लिहायचं नसतं."

हे बोलताना त्यांना स्वतःचं हसू आलं नाही, हे विशेष.

यंदा हिवाळाभर ढगाळ, दमट हवा राहिली. एके सकाळी ताई कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. मनगटापर्यंत दोन्ही हात नारिंगी झाले होते.

"धाकट्या, हे बघ. नुसतं शेतातून चालत आले."

"दाजी कुठे आहेत?"

"बांधावर बसलेत. कालपासून उठत नाहीत. दोनदा फवारलं, पण वाऱ्यावर येतोय रे तो, कुठवर अडवणार? आठच्या आठ एकर गेलं. गावात एकाचंही शेत हिरवं नाही." ताईने दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. "एवढं मोठं केंद्र आहे तुमचं. याला पुरून उरणारं बी नाही का तुमच्याकडे?"

बिनचूकराव तिला सात नंबरच्या तुकड्यात घेऊन गेले. मावशी वाकून ओळींना चिठ्ठ्या बांधत होती. कडेच्या नेहमीच्या वाणाचं पान न् पान गंजलं होतं, आणि मधल्या ओळी हिरव्यागार! ताई मातीत गुडघ्यांवर बसली. तिने एक पान बोटांत धरून चोळलं. बोटाला काही लागलं नाही.

"मावशी, हे मला द्या. पुढच्या पेरणीला दोनच पोती द्या, पाया पडते."

"पोती कुठली, बाई? इथलं सगळं मिळून एक पोतं भरायचं नाही. साठ ओळी आहेत, प्रत्येक निराळी. त्यातली खरी टिकणारी निवडायची, चार ठिकाणच्या मातीत लावून बघायची, मग तिचं बी वाढवायचं. तुमच्या गोदामात पोचायला आठ वर्षं लागतात."

"मग आठ वर्षांपूर्वी का नाही लागलात कामाला?"

"लागलो की. पण एवढीशी जमीन आणि माणूस म्हणाल तर मी. दर वर्षी या तुकड्याच्या संशोधक डॉक्टरबाई वाढवून मागायच्या, दर वर्षी नाही म्हणून यायचं. शेवटी त्या बदली घेऊन गेल्या."

"नाही का म्हणायचे?"

"गावांकडून मागणी नाही म्हणे."

बिनचूकरावांना ते वाक्य ओळखीचं वाटलं. पण त्यांनी मान वळवून घेतली. असं होतं माणसाचं; कळतं, पण वळायला वेळ लागतो.

त्याच दुपारी संचालकांनी सगळ्यांना बोलावून वरून आलेलं पत्र वाचून दाखवलं. ताई बाहेरच्या बाकावर बसली होती आणि दार उघडंच होतं.

"'गेल्या नऊ वर्षांच्या तक्त्यांत बेचाळीसपैकी एकाही गावाने तांबेऱ्याचा उल्लेख केलेला नाही,'" संचालक वाचत होते. "'जास्त उतारा देणारे व लवकर तयार होणारे वाण हवे, ही शेतकऱ्यांची एकमुखी मागणी आहे. सबब सात नंबरच्या तुकड्यातील काम बंद करून जमीन उताऱ्याच्या चाचण्यांसाठी मोकळी करावी.' सोमवारी ट्रॅक्टर येईल."

आपलंच वाक्य! तोच शब्दक्रम! बिनचूकरावांनी ते लगेच ओळखलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा कागद वरून परत आला होता.

ते बाहेर आले तेव्हा ताई उभी होती. मावशीही अवजारं ठेवायला आली होती.

"धाकट्या, ही मागणी कुणी केली? आमच्या गावात तर कुणी कधी विचारायला आलं नाही."

थाप मारता आली असती. समितीवर ढकलता आलं असतं. पण ताईच्या हातांवरचा रंग अजून तसाच होता.

"मी केली," ते म्हणाले. "दर वर्षी, इथे टेबलावर बसून. बेचाळीस गावांची."

"आमच्या गावाचीसुद्धा?"

"हो."

"आणि सह्या?"

"त्या तू आणून दिल्यास, ताई."

ताई पुन्हा बाकावर बसली. ती रडली नाही आणि ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे माझं शेत मीच घालवलं. शेजाऱ्यांचंही."

"एकट्यावर ओझं घेऊ नका, बाई, आणि भाऊंवरही सगळं टाकू नका," मावशी म्हणाली. "चोर सापडला की बाकीच्यांना हलकं वाटतं, तेवढंच. यांनी लिहिलं, तुम्ही सह्या आणल्या, लोकांनी न वाचता केल्या. मी तरी काय केलं? ओळीओळींतून फिरून मला सगळं दिसत होतं. यांनी एकदा नाही म्हटलं आणि मी गप्प बसले. संचालकांच्या दारात जाऊन उभी राहिले नाही. कुणीतरी बघेल, असं प्रत्येकाला वाटलं."

"मग आता काय करायचं?" बिनचूकरावांनी विचारलं.

"तहान लागल्यावर विहीर खणायला निघालोय आपण. पाणी आज लागायचं नाही. पण खणली नाही, तर उद्याही लागणार नाही." मावशीने हात झटकले. "गावांत जा. खरंच जा. एकाने मागितलं तर वरचे त्याला तक्रार म्हणतात, भाऊ. बेचाळीस गावांनी मागितलं तर त्यालाच धोरण म्हणतात. खोट्या मागणीने तुकडा बंद होऊ शकतो, तर खऱ्या मागणीने उघडायला काय हरकत आहे?"

बिनचूकरावांनी कबुलीजबाब लिहिला. आयुष्यातला पहिलाच कागद, ज्यात खाडाखोड झाली. संचालकांनी तो वाचला आणि त्यांच्याकडे परत सरकवला.

"वेड लागलंय का तुम्हाला? नोकरी जाईल. केंद्राची अब्रू जाईल. आणि तुकडा काही वाचणार नाही, हुकूम निघालाय."

"निदान पीक निघेपर्यंत थांबा साहेब. महिन्याभरात दाणा पिकेल."

"सोमवारी ट्रॅक्टर येणार आहे," संचालक म्हणाले. "मला तरी कोण विचारतं?"

बिनचूकरावांनी कागद पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला आणि ते निघाले.

सोमवारी ट्रॅक्टर आला. ओंब्या हिरव्या होत्या, दाण्यात अजून दूध होतं, वेचून ठेवण्यासारखं काही नव्हतं. मावशी बांधावर उभी राहून बघत होती. साठ ओळी उलथायला अर्धा तासही लागला नाही. आता उरलं होतं ते थंड खोलीतल्या पाकिटांत, मागच्या वर्षी राखून ठेवलेलं, प्रत्येक ओळीचं मूठभर. कुणी पुन्हा कामाला जमीन दिली, तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर महिनाभर बहीणभाऊ गावोगाव हिंडले. कधी बसने, कधी पायी. हा महिना सुखाचा होता असं कुणी समजू नये. पहिल्या गावात सभेला सात माणसं आली. त्यांतल्या एकाने विचारलं, "यंदाच्या पिकाचं काय?" बिनचूकराव म्हणाले, "यंदाचं गेलं." चौघे उठून गेले. दुसऱ्या गावात त्यांचा कबुलीजबाब ऐकून एकाने तक्ता फाडून त्यांच्या तोंडावर फेकला. त्यांनी तुकडे वेचले आणि पिशवीतून दुसरा तक्ता काढला. पाचव्या गावात शाळेचं कुलूप उघडायला कुणी आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात निलंबनाचा हुकूम आला. हा कागद मात्र वरून अगदी वेळेवर आला!

महिनाअखेर अकरा गावांचे तक्ते भरले. वाकडी अक्षरं, चुकलेल्या वेलांट्या, एकावर डाळीचा डाग. सगळ्यांचं म्हणणं एक नव्हतं. सहा गावांनी तांबेरा लिहिला होता, चार गावांनी विहिरींचं खारं होत चाललेलं पाणी, एकाने लिहिलं होतं की, पुढे कापणीला माणूसच मिळणार नाही. नऊ वर्षांत बिनचूकरावांच्या पेनाला यातलं एकही सुचलं नव्हतं. उरलेल्या एकतीस गावांचे तक्ते त्यांनी कोरेच जोडले आणि सगळा गठ्ठा समितीकडे पाठवला.

त्या अकरांतली शेवटची सभा ताईच्या गावात झाली होती. शाळेच्या खोलीत लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. ताईने तक्ता पुढ्यात ओढला आणि जपून एकेक अक्षर लिहायला लागली, 'तांबेऱ्याला बळी न पडणारा गहू हवा. तो आला आहे असं नुसतं ऐकायला नको, बी हातात हवं. त्यासाठी आजच जमीन द्या, माणसं द्या.'

मागून शेजारीण म्हणाली, "अगं, तू कशाला एवढी झिजतेस? आठ वर्षांनी येणार ते. आणि तू तर शेत विकायला काढलंयस ना?"

बिनचूकरावांनी ताईकडे पाहिलं. हे त्यांना माहीत नव्हतं.

"हो, काढलंय," ताई मान वर न करता म्हणाली. "यांना शहरात रखवालदाराची नोकरी मिळतेय. पुढच्या महिन्यात जातोय आम्ही."

"मग?"

"मग काय? जो घेईल, त्याला पेरायचं असेलच ना."

तिने खाली सही केली. मग शेजारणीने पुढे होऊन तक्ता जवळ घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि त्यानंतरच सही केली. तिच्यामागे बाकीचे उठले. प्रत्येकाने आधी वाचलं.

समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. येईलच, असंही नाही. बिनचूकरावांची चौकशी चालू आहे, आणि मावशीला उताऱ्याच्या चाचण्यांत लावलं आहे. ताईचं शेत दुसऱ्याच्या नावावर झालं.

पण वाचकहो, नागरिक म्हणून आपण एवढं तरी शिकू या. उद्याचं बी आजच मागावं लागतं, आणि ते सगळ्यांनी मिळून मागावं लागतं. 'तुम्हीच लिहा काहीतरी' असं म्हणून आपण जी जागा कोरी सोडतो, ती कधीच कोरी राहत नाही. कुणीतरी तिथे आपलं नशीब लिहून टाकतं, आणि खाली सही आपलीच असते.