त्रेसष्ट टिपा

प्रणितच्या फाइलमध्ये दोनशे बारा ओळी होत्या. एकशे एकोणपन्नास सेटिंगच्या, त्रेसष्ट टिपांच्या. मनस्वीने त्या कमांड देऊन मोजल्या आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजल्या.

पनवेलच्या कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर होता. वारा वाढला की तो बेचाळीस होड्यांच्या तांडेलांना मोबाइलवर इशारा पाठवायचा. कोणाला, कधी, किती वाऱ्याला, हे सगळं त्या एका फाइलमध्ये. मनस्वीच्या मोठ्या भावाने, प्रणितने, ते उभं केलं होतं. एप्रिलमध्ये जासईजवळ तो ट्रेलरखाली गेला. पाठीवरच्या बॅगेतला लॅपटॉपही गेला. फाइल उरली ती ऑफिसातली.

ओळीच्या सुरुवातीला # असलं की कॉम्प्युटर ती ओळ सोडून देतो; ती माणसांसाठी असते. प्रणितने अशा ओळींत मनात येईल ते लिहिलं होतं. ‘बुधाजीकाका चष्मा लावत नाहीत. इशाऱ्यानंतर मिस्ड कॉल द्यावा.’ ‘हा आकडा का चालतो ठाऊक नाही. हात लावू नये.’ आणि त्याच्याच खाली, ‘लावला. बंद पडलं.’ ती ऐकून आई चार महिन्यांत पहिल्यांदा हसली.

तेव्हापासून आई, दमयंती, बाजार आटपला की मासळीची टोपली दाराबाहेर ठेवून ऑफिसात येऊन बसायची, आणि मनस्वी तिला तीन टिपा वाचून दाखवायची. रोज तीनच. आईने चौथी कधी मागितली नाही. मनस्वीनेही पुढच्या वाचल्या नव्हत्या. नऊ दिवसांत सत्तावीस झाल्या.

मधेच कोणीतरी नंबर बदलायला गेला, त्याच्याकडून एक स्वल्पविराम उडाला आणि दोन दिवस इशारे बंद पडले. सोसायटीचे चेअरमन बुधाजीकाका चिडले. “पोरी, तू एमेस्सी झालीस ना? मग असं काय तरी कर की आमी नुसतं बटन दाबू. त्या फायलीत उतरायला लावू नको.”

मनस्वीने वेब पेज बनवलं. ते फाइल वाचायचं, प्रत्येक सेटिंगसाठी एक चौकोन दाखवायचं, आणि ‘जतन करा’ दाबलं की चौकोनांतलं घेऊन फाइल नव्याने लिहायचं. काही चुकलं तर हाताशी असावी म्हणून आधीची फाइलही बाजूला ठेवायचं. एकच, अगदी आधीची. दहा ओळींच्या नमुन्यावर तिने सोळा वेळा तपासलं. सोळाही वेळा बरोबर आलं.

कोळीवाड्यात नवं जाळं पाण्यात जायच्या आधी सगळ्यांचा हात लागतो. पेजचंही तसंच झालं. दुपारी बुधाजीकाकांनी नारळ फोडला. “दमयंती, तुज्या पोराचं काम हाय. पयला हात तुजा.”

आईने पदराला बोट पुसलं आणि बटन दाबलं. पडद्यावर हिरवं ‘जतन झाले’ उमटलं.

“आन् मी काय नारळ फोडायलाच हाय?” म्हणत काकांनी दाबलं. मग काशिरामने, मग गोदूने. गोदूने तर दोनदा. “एकदा माजं, एकदा घरवाल्याचं. तो दर्यावर हाय.” सगळे हसले. मनस्वीही हसली.

माणसं पांगल्यावर तिने फाइल उघडली. एकशे एकोणपन्नास ओळी होत्या.

टिपांसाठी चौकोनच ठेवला नव्हता. नमुन्याच्या दहा ओळींत टीप नव्हती, म्हणून ते दिसलं नव्हतं. आई बटन दाबून उठली तेव्हा प्रणितची फाइल बाजूला शाबूत होती. काकांनी दाबलं आणि तिच्या जागी आईने जतन केलेली आली.

संध्याकाळी आई टोपली ठेवून आत आली. “वाच गो आजच्या तीन.”

कॉलेजच्या प्रयोगशाळेत न घेतलेलं रीडिंग मनस्वीने कधी वहीत लिहिलं नव्हतं. तिने पडद्याकडे बघत म्हटलं, “‘आज डब्यातलं सगळं कोलीम संपवलं, मग काम झालं.’”

आईने पडद्यावरून नजर तिच्याकडे वळवली. “कोलीम त्याच्या अंगावर उठायचं. तो खायचा नाय.”

ती बारीक कोळंबी त्याला चालत नसे, हे मनस्वीलाही ठाऊक होतं.

“काय झालं?” आईने विचारलं. “खरं सांग.”

मनस्वीने सांगितलं. चौकोन, बटन, बाजूची एकच प्रत. आईने सगळं ऐकून घेतलं आणि आपलं बोट उजेडात धरून पाहिलं.

“म्हंजे मी पुसलं.”

“नाही आई, मी. जागा मी ठेवली नाही.”

“मना वाटलं, त्याचं काम चालू करतंय मी.”

मनस्वीने पेज बंद केलं. पुसलेलं कधीकधी डिस्कवर तुकड्यांनी राहतं, एवढंच आईला सांगून तिने पेनड्राइव्हवरून शोधायचा प्रोग्रॅम चालू केला.

“किती वेळ लागंल?”

“माहीत नाही. तू घरी जा.”

“नाय. मी बसते.”

आईने खुर्ची ओढून पडद्यासमोर घेतली.

तीन तास अकरा मिनिटांनी शोध संपला. तुकडे सापडले चार. वाचता येणारी अक्षरं सतरा.