पाण्याला झालेला रोग

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पट्टीबाबाने शिंप्याच्या जिभेला पिवळी पट्टी लावली, ती लालभडक झाली आणि गर्दीने हात जोडले. मग बाबाने पट्टीवर आपल्या औषधाचे थेंब टाकले. पट्टी पुन्हा पिवळी!

"पळाला रोग! हा आमचा दिव्य अ‍ॅप्टामर! डॉक्टर डोळ्यात सुया खुपसतात, आम्ही रोगाचा कान धरून त्याला बाहेर काढतो!"

मागे शिंप्याची धाकटी बहीण दातओठ खात उभी होती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. अ‍ॅप्टामर म्हणजे काय, ते दादाला तिनेच समजावलं होतं. "डीएनए-आरएनएचा चिमुकला तुकडा असतो रे. काजात त्याच मापाचं बटण बसावं, तसा नेमक्या एका द्रव्याला धरतो. तपासणीच्या पट्टीत रोगाची खूण पकडतो. तुझ्या डोळ्यात देतात त्या इंजेक्शनमधला अ‍ॅप्टामर, डोळ्यात गळक्या रक्तवाहिन्या वाढवणारं द्रव्य अडवून धरतो."

दादाच्या लक्षात राहिला तो फक्त शब्द. काही महिन्यांपूर्वी बाबाने तोच शब्द सुईशिवाय देऊ केला आणि या शहाण्याने दवाखान्याची पायरी चढणं सोडलं.

पट्टी लावण्याआधी बाबा प्रत्येकाला 'शुद्धीजला'ची चूळ भरायला लावत होता. लॅबमध्ये कुठलीही चाचणी आधी कोऱ्या, म्हणजे रोग नसलेल्या नमुन्यावर करून बघतात. ती तरातरा पुढे गेली, एक पट्टी उचलली आणि थेट शुद्धीजलात बुडवली. लालभडक!

"बाबा, या पाण्याला कोणता रोग झालाय?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"श्रद्धा नसली की पाणीसुद्धा आजारी पडतं, ताई."

"ही चुन्याची निवळी आहे. पट्टीला हळद फासलीय. चुन्याने हळद लाल होते, आंबटाने परत पिवळी. चाखा की औषधाचे थेंब!"

पुढच्या बाईने चाखले. तोंड वाकडं करून म्हणाली, "अगं बाई, निव्वळ लिंबू!"

गलका उसळला. बाबा मागच्या दाराने सटकला. बहिणीने भावाचा हात धरला. "दादा, चल दवाखान्यात."

दादाने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. "उजव्या डोळ्याने कडेचे सगळे दिसतात गं. तुझ्या तोंडाच्या जागी नुसता काळा डाग आहे."

उजवा डोळा आता सुधारायचा नाही, डावा वाचवू, असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. बहीण बाहेर येऊन ढसाढसा रडली. बाबापेक्षा तिला हात जोडणाऱ्यांचाच संताप आला होता.

चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो धडधाकट माणसावर करून बघा, साध्या पाण्यावर करून बघा. आणि चालू असलेलं औषध कुणाच्याही शब्दावर सोडू नका. दादाने सोडलं. आता सुईत दोरा ओवायला त्याला बहीण लागते.