काशीला सोडलेलं जांभूळ

आईची जीभ जांभळी दिसली आणि माझं डोकंच फिरलं.

बाबांच्या अस्थी घेऊन काशीला गेलो, तेव्हा तिने जांभूळ सोडलं होतं. काशीला गेलं की एक आवडीचं फळ कायमचं सोडायचं असतं. शहाण्या बायका कधी न खाल्लेलं काहीतरी सोडतात. आमच्या मातोश्रींनी बाबांचं लाडकं जांभूळ सोडलं. त्यानंतर गिरगावातल्या आमच्या घरात जांभळाची बीसुद्धा आली नव्हती.

"जीभ दाखव," मी म्हटलं.

"तू काय डॉक्टर लागून गेलीस?"

मिक्सरचं भांडं जांभळं, ओट्यावरचं फडकं जांभळं. उद्या परळला तिची केमो होती.

"मी उद्या येत नाही, उर्मिला," ती म्हणाली. "ओकून ओकून जीव जातो माझा. देवूचं औषध घेतेय मी. पेशी मरतात त्याने."

देवू म्हणजे माझा धाकटा भाऊ देवदत्त. तो प्रयोगशाळेत जांभळाच्या सालीतला रंग काढतो आणि बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर घालून बघतो. परवा जेवताना स्वारी खुशीत होती. "आई, आज पेशी पटापट मेल्या," म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणून तेवढंच बोलला आणि आमटी ओरपत बसला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्याला फोन केला. मग तो येईपर्यंत मी गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत येरझारा घालत राहिले. आई शांतपणे लसूण सोलत होती. तिच्या त्या शांतपणाचीच मला भीती वाटत होती.

तो आला. "सांग तिला," मी म्हटलं. "पूर्ण सांग."

"आई, जांभूळ तसं चांगलंच असतं..."

"देवू, गुळमुळीत बोललास तर बघ."

तो तिच्यासमोर खाली बसला. "आई, बशीतल्या पेशी काय, मिठाचं पाणी जास्त झालं तरी मरतात. तिथे पोट नाही, रक्त नाही, माणूस नाही. तू रस प्यालीस तर त्यातला बराचसा रंग पोटातच मोडतो. तुझ्या गाठीपर्यंत किती पोचतो, आम्हालाच ठाऊक नाही."

"मग करतोस कशाला हे सगळं?"

"कळावं म्हणून. अजून बरीच वर्षं लागतील."

"आणि तोवर मी?"

"तोवर केमो, आई. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

लसणाची पाकळी तिच्या हातातच राहिली. मग ती रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही ती आमच्यासमोर अशी रडली नव्हती.

"त्यांना दिलेला शब्द मोडला रे मी," ती म्हणाली. "मला जगायचं होतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

थोड्या वेळाने ती उठली. पेल्यात उरलेला रस घेऊन मोरीपाशी गेली, तिथेच उभी राहिली. मग वळून तिने पेला देवूपुढे धरला.

"टाकवत नाही. बाबांना आवडायचं. तू पी."

देवूने उभ्या उभ्या तो रस संपवला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"उद्या लवकर निघू या," आई म्हणाली. "उशीर झाला की तिथे बसायला जागा मिळत नाही."