पहाटे बोटं कोण धरतं

उन्हाळेबाबांचा चमत्कार रोज भर दुपारी व्हायचा. सकाळी का नाही, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. उन्हाच्या मुलखातल्या त्यांच्या बंगल्याच्या अंगणात माणसं खेटून बसलेली असायची, सगळी थंड मुलखातून आलेली, कुणाचे गुडघे सुजलेले तर कुणाची बोटं वाकडी.

त्या दुपारी बाबांनी शिंपीणबाईंना पुढे बोलावलं आणि हातात सुई-दोरा दिला. संधिवातानं बाईंच्या बोटांची पार वाट लावली होती. दुकानातलं मशीन वर्षभर चादरीखाली झाकलेलं, आणि स्वतःची बटणंसुद्धा नवरा लावून द्यायचा. सगळे श्वास रोखून बघत राहिले. दोरा पहिल्याच फटक्यात सुईतून गेला. बाई तिथेच रडायला लागल्या, आणि निम्मं अंगण त्यांच्याबरोबर रडलं.

"पाहिलंत?" बाबा म्हणाले. "गरम हवा, नरम हाड. डॉक्टर काय करतो? आजाराला नाव ठेवतो. आम्ही काय करतो? आजाराला गाव सोडायला लावतो. औषधाचा कण नाही. फक्त हवा, आणि तहानेपुरता आमचा काढा."

आजार म्हणजे जणू भाडं थकवणारा भाडेकरू. पण लोकांनी माना डोलावल्या.

शिंपीणबाईंची धाकटी नणंद त्याच दिवशी पोचली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिची जीभ खडूपेक्षा चुरचुरीत होती. भावानं तिला मुद्दाम धाडलं होतं, कारण वहिनींनी घर आणि दुकान विकून कायमचं इथे यायचं ठरवलं होतं. उद्या संध्याकाळी त्यांनी फोनवर होकार दिला की गिऱ्हाईक सही करणार होतं. डॉक्टरांची औषधं तर त्यांनी केव्हाच बंद केली होती.

"वहिनी, उबेनं बरं वाटतं हे कबूल," खोलीत गेल्यावर नणंद म्हणाली. "पण त्यासाठी घर विकायचं?"

"तुम्हाला नाही कळायचं, वन्सं. तिथे ती येते."

"कोण?"

बाईंनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. पहिल्याच दिवशी बाबांनी विचारलं होतं, पहाटे बोटं जखडतात ना? ऊन वर आलं की हळूहळू सुटतात ना? शब्दन् शब्द खरा. घरात आणखी कुणाचे हात असे होते? आईचे. ती कधी गेली? ऐन थंडीत. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, तीच येते. गारठलीय. तुझी बोटं धरून ऊब मागते. उन्हाच्या मुलखात तिला पाऊल टाकता येत नाही. परत गेलीस तर पुन्हा धरेल, आणि मग सोडणार नाही.

पहाटे जखडणं हे या दुखण्याचं साधं लक्षण. दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यातसुद्धा ते लिहिलेलं असतं. पण भ्यालेल्या माणसाला तक्ता दिसत नाही. बाईंना आई दिसत होती. मागच्या हिवाळ्यातली एकेक पहाट आठवून त्यांना आपल्या बोटांवर दुसरी बोटं जाणवायला लागली होती, हाडकुळी आणि गार.

"आणि ऊन चढायच्या आत ती इथेसुद्धा येऊन बघते," बाई म्हणाल्या. "पहाटे ऐकाल तुम्ही. दार ठोठावते. म्हणून ऊन अंगणात येईपर्यंत कुणी खोलीबाहेर पडायचं नाही, असा नियम आहे."

नणंद वहिनींचा चेहरा निरखून बघत राहिली. "तुमचे गाल वर आलेत," ती शेवटी म्हणाली.

"तेज आहे ते. सगळ्यांनाच येतं."

खरंच सगळ्यांना आलं होतं. जेवणाच्या पंगतीत नणंदेनं पाहिलं, तर जुन्या मुक्कामाची माणसं सगळी सारख्याच गोल, फुगीर, लालसर तोंडांची. एकाच आईची लेकरं असावीत तशी ती ओळीनं बसली होती आणि निमूट काढा पीत होती. तिचा घास तोंडातच राहिला.

पहाटे आवाज आला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठक, ठक. बंगल्यात कुठेतरी कुणीतरी पांघरूण डोक्यावर ओढल्याची सळसळ झाली. बाई भिंतीला चिकटून बसल्या होत्या. आई शेवटी शेवटी दार अशीच मनगटानं ठोठावायची, कारण बोटं दुमडत नव्हती.

"आई, जा ना गं," बाई पुटपुटल्या, आणि स्वतःच्याच शब्दांनी त्यांना भडभडून आलं. ज्या आईनं मांडीवर बसवून टाका घालायला शिकवला, तिला आपण हाकलतोय.

तेवढ्यात काहीतरी जड खाली पडलं, आणि त्याच्यामागून कण्हण्याचा आवाज आला.

"दार ठोठावणारीला लागलं वाटतं," नणंद म्हणाली. "चला वहिनी. तुमची आई असेल तर एकटीनं कण्हू द्यायचं का?"

ते बोलणं वर्मी लागलं. बाई उठल्या. काळोख्या बोळातून त्या आवाजाच्या मागावर निघाल्या. स्वयंपाकघरामागच्या खोलीचं दार नणंदेनं ढकललं.

जमिनीवर एक म्हातारी बसली होती. समोर दगडी खल, बत्ता घरंगळून भिंतीशी गेलेला. आजूबाजूला गोळ्यांची रिकामी पाकिटं पसरली होती. म्हातारीचे हात मात्र हुबेहूब आईचे होते, बोटं एका बाजूला कललेली, मनगटाशी गाठी. बाईंनी चौकट धरली.

"तेवढा बत्ता द्या गं," म्हातारी म्हणाली. "पहाटे धरवत नाही मला."

"तुम्ही कोण?" नणंदेनं विचारलं.

"बाबाची थोरली बहीण. काढ्यात घालायच्या गोळ्या कुटते. लोक उठायच्या आत उरकावं लागतं."

बाई तिच्यापाशी खाली बसल्या. "आजी, तुम्ही कुठल्या थंड गावच्या?"

"मी? मी याच गावात जन्मले. थंडी कशी असते ते बघितलंसुद्धा नाही."

त्या एका वाक्यानं बाबाचं सगळं शास्त्र कोसळलं. साठ-सत्तर उन्हाळे अंगावर घेतलेल्या बाईचे हात असे. मग इथली ऊब कुणाला बरं करणार होती? नणंदेनं पाकीट उजेडात धरून नाव वाचलं. "स्टेरॉइड," ती म्हणाली. "याच्यानं सूज पटकन उतरते. आणि बेहिशेबी घेतलं की गाल असे फुगतात, हाडं आतून ठिसूळ होतात. तेज म्हणे."

दुपारी अंगण भरलं तेव्हा बाबाच्या आधी या दोघी म्हातारीला आधार देत पुढे आल्या. बाईंनी सगळं सांगितलं, खल दाखवला, पाकिटं दाखवली. बाबा क्षणभर पांढरा पडला. पण तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

"लोकहो, हिनं तुमची सगळ्यांची थंडी स्वतःच्या हातात घेतलीय," तो गहिवरून म्हणाला. "केवढा हा त्याग."

दोघातिघांनी हात जोडलेसुद्धा. म्हातारी त्याच्याकडे वळली.

"तू शाळेत जात होतास तेव्हापासून माझे हात असे आहेत," ती म्हणाली. "तुझे डबे मी याच हातांनी भरले. मला कधी डॉक्टरकडे नेलं नाहीस. नेलं असतंस तर लोकांनी विचारलं असतं, हिला ऊन का लागू पडलं नाही."

मग मागून एक माणूस उठला आणि त्यानं हातातला काढा कुंडीत ओतला.

"काढा टाका, पण आजच डॉक्टरकडे जा," नणंद ओरडून म्हणाली. "या गोळ्या एकदम तोडल्या तर जिवावर बेततं."

बाईंनी फोन केला तो नवऱ्याला. घर विकायचं नाही, दुकानही नाही. म्हातारीला घेऊन दोघी त्याच गावच्या दवाखान्यात गेल्या. बाकांवर तिथल्याच बायका बसल्या होत्या, उन्हात वाढलेल्या आणि वाकड्या बोटांच्या. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. ऊब मिळाली की सांध्यांना बरं वाटतं, ते खोटं नाही. पण हा आजार हवेत नसतो. शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते, आणि तिला आवरायला नेमकं औषध लागतं. ते सोडलं की सांधा झिजतच राहतो, मग माणूस बर्फात राहो की वाळवंटात. कुणाकुणाच्या घराण्यात तो उतरतोही.

"म्हणजे आईकडूनच आला?" बाईंनी विचारलं.

"आला असेल. तुमचे डोळेही तिच्याकडूनच आले असतील. त्यात तिचा काय गुन्हा?"

शिंपीणबाई आता थंड गावातल्या आपल्या घरी आहेत. पहाटे बोटं अजून जखडतात, औषधानं पूर्वीपेक्षा लवकर सुटतात. दोन बोटं मात्र सरळ होणार नाहीत. औषधाविना गेलेल्या महिन्यांनी ती घेतली. मशीनवरची चादर निघाली आहे. कोमट पाण्यात हात बुडवून बसलं की कधीकधी पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटतं, पण बाई आता घाबरून वळून बघत नाहीत.

वाचणाऱ्यांनो, ऊब जरूर घ्या. कोट घाला, शेक घ्या, जमलं तर उन्हाच्या गावी चार दिवस राहून या. पण औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि तुमच्या दुखण्याचा आळ कुणी तुमच्या मेलेल्या माणसावर घालू लागला, तर त्याला पुरावा मागा. मेलेलं माणूस स्वतःची बाजू मांडायला येत नाही. ती आपणच मांडायची असते.