नत्थुजी दलालाचा दुपट्टा

मी दुपट्टा बोलतोय. खरं तर बोलणं हा माझा धंदाच नव्हे. झाकणं हा माझा धंदा. दोन माणसांचे हात झाकायचे आणि त्या हातांनी जे ठरवलं ते पोटात ठेवायचं, यातच माझं तारुण्य गेलं. आता माझ्याजवळ लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि तुम्ही बसलाच आहात, तर सांगतो.

माझा जन्म अचलपूरच्या एका कोष्ट्याच्या मागावर झाला. सूत जाड, वीण घट्ट, काठ लाल. माझ्याबरोबर विणलेले पातळ, नखरेल शेले लग्नाकार्यात मिरवायला गेले. मला न्यायला अमरावतीचा कापसाचा दलाल नत्थुजी आला. त्याने मला हातावर टाकलं, हात उन्हात धरला आणि आतल्या आत बोटं हलवून पाहिली. बाहेरून काही दिसेना, तेव्हा तो खूश झाला.

"हाच दे बाप्पा," तो कोष्ट्याला म्हणाला. "बोट दिसलं का सौदा गेला."

कापसाच्या बाजारात भाव तोंडाने बोलायचा नाही अशी रीत होती. दलाल आणि व्यापारी समोरासमोर बसत, हातांवर दुपट्टा टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरत. किती बोटं धरली त्यावरून आकडा कळायचा. हात मागे ओढला तर भाव नामंजूर. तळव्यावर तळवा दाबला की सौदा पक्का, मग तो फिरायचा नाही. हे चालू असताना तोंडं मात्र भलतंच बोलत असत. पाऊस कसा होता, म्हैस व्याली का, लेकीचं कुठे जमलं का. भोवती सारा बाजार उभा असला तरी कुणाला पत्ता लागत नसे.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. अकोल्याच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटेना. कालपर्यंत फाटक्या बंडीत फिरणाऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. हातात पैसा आला की माणूस आधी बैल सजवतो आणि मग बायकोकडे पाहतो, असं माझं निरीक्षण आहे.

नत्थुजी या धंद्यात तयार गडी. तोंडाने गोड, हाताने चिवट. पहिला आकडा त्याने कधी मान्य केला नाही. समोरच्याने वाजवी भाव दिला तरी तो हात ओढायचाच आणि मग स्वतःचा चढा आकडा द्यायचा. शेतकरी त्याच्याकडे माल आणत ते याच सवयीपायी.

पौषातली गोष्ट. भर बाजारात तो मुंबईच्या एका व्यापाऱ्याशी सौदा करत होता. त्याचा उजवा हात माझ्याखाली होता. बोलता बोलता त्या हाताची बोटं सैल पडली. नुसती सैल नव्हे, त्यांतला जीवच गेला. व्यापाऱ्याला वाटलं, हा नत्थुजीचा नवा डाव. त्याने भाव चढवला. हात तसाच पडून. त्याने आणखी चढवला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आता काहीतरी बोला तरी, नत्थुजी!"

नत्थुजी बोलायला गेला आणि तोंडातून लाळ गळाली. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. मग तो बसल्या जागी कलंडला. "वारं गेलं! याच्या अंगावरून वारं गेलं!" कुणीतरी ओरडलं. त्या मोसमात इतका चढा भाव दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता, आणि तो पक्का करायला हात नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटलं, हे मी कबूल करतो.

त्याला बाजेवर घालून घरी आणलं. उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. समज मात्र सगळी शाबूत होती, आणि तीच मोठी पंचाईत होती. लहान लेकरासारखं भरवून घ्यायची त्याला लाज वाटे. डाव्या हाताने तो वाटी भिरकावून देई. कधी उगाच रडू येई, कधी नको तिथे हसू फुटे, आणि दोन्ही त्याला आवरत नसत. बाजारातले सोबती आले की तो डोळे मिटून झोपेचं सोंग घेई. मी त्याच्या उशाशी असे, म्हणून मला ठाऊक आहे. झोपलेला माणूस तसा श्वास घेत नाही.

त्याची बायको जमुना त्याचं सगळं करायची. तेल चोळायचं, कूस बदलायची, धुणं-पुसणं, भरवणं. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. ते नत्थुजीशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलत आणि जमुनेला सल्ले देत. लसूण दे, कबुतराचं रक्त चोळ, देवाला काही राहिलं असेल ते फेड. तुझं कुंकू बळकट म्हणून वाचला, असंही सांगत. ती जेवली का, हे विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही.

एके दिवशी नत्थुजीने डाव्या हाताने धाकट्या भावाचं, शेषरावाचं, बोट घट्ट धरलं. शेषरावही दलालीच शिकत होता. त्याने सवयीने मला ओढून दोघांच्या हातांवर टाकलं आणि त्याचे डोळे चमकले.

"भाऊ भाव सांगून राह्यला!" तो ओरडला.

झालं. दुसऱ्या दिवसापासून बाजारातली शहाणीसुरती माणसं येऊन माझ्याखाली हात घालून बसू लागली. नत्थुजी जीव तोडून बोट धरायचा आणि ते खुशीत आकडा घेऊन जायचे. धंद्याने माणसाच्या डोक्याला एकच वळण दिलं की त्याला दुसरं काही सुचत नाही. मलाही तो भावच वाटला होता, मग त्यांना काय म्हणू?

जमुना दारातून पाहत होती. शेवटी ती पुढे आली.

"भाऊजी, त्यायले तहान लागली असन. तुमी त्याच्यातून भाव काहून काढता?"

तिने लोटा तोंडाशी लावला. नत्थुजीने तो घटाघटा संपवला. बसलेली माणसं एकेक करून उठली आणि पागोटी सावरत निघून गेली.

त्याच दुपारी जमुनेने मला नवऱ्याच्या आणि आपल्या हातांवर पसरलं. आजवर बाईमाणसाने सौद्यासाठी मला हात लावला नव्हता. "आयकता का?" ती म्हणाली. "एक बोट धरलं तं पानी. दोन धरले तं कूस. अन् सारा पंजा धरला तं तुमाले एकटं राहाचं." घरात दीर, शेजारी, येणारे-जाणारे. नवरा-बायकोने चारचौघांत हात धरायची सोय नव्हती. माझ्याखाली मात्र कुणी काही म्हणू शकत नव्हतं. माझी बढती झाली की घसरण, हे मला तेव्हा कळेना.

नत्थुजी मात्र पालटला. आपलं म्हणणं कुणाला तरी पोचतंय, एवढ्यावर तो जेवू लागला. भिंतीला टेकून बसू लागला. भेटायला येणारे म्हणाले, चला, गाडी रुळावर आली.

जमुनेची गाडी कुठे चालली होती, ते मला माहीत होतं, कारण तिचा हात माझ्याखाली असायचा. आता नवऱ्याला हाक मारता येत होती आणि तो दिवसभर मारत होता. पाणी, कूस, पाणी, पुन्हा कूस. तिचा हात खरखरीत झाला, मग बारीक झाला, मग बसल्या बसल्या झोपू लागला. एका दुपारी ती भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालणार तोच त्याने बोट धरलं. पाणी झालं. लगेच पुन्हा धरलं. तेव्हा तिने त्याची बोटं अशी करकचून आवळली की तो कण्हला.

"मी बी मानूसच हाये ना!" ती ओरडली आणि गोठ्यात पळाली. परत आली ती रडतच. त्याच बोटांना तेल चोळत राहिली.

चैत्रात तिची धाकटी बहीण शकुन अकोल्याहून भेटायला आली. जमुनेकडे पाहून तिला ओळख पटायला वेळ लागला. नत्थुजी डोळे मिटून पडला होता. दोघी बाजेजवळच बसल्या.

"बाई, तू माह्यासंग अकोल्याले चाल," शकुन म्हणाली. "नाई तं तू बी बाज धरशीन."

"अन् यायले कोन पाह्यीन? लोकं काय म्हनतीन, नवरा टाकून गेली?"

"लोकं येतात का कूस बदलाले?"

जमुनेने नवऱ्याच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "शकुन, तुले म्हनून सांगतो. कदी कदी वाटते, हे त्याच दिवशी सुटले असते तं बरं झालं असतं. त्यायचंबी अन् माह्यंबी. मंग सोताचीच किळस येते. असं मनात येनारी बाई चांगली असते का?"

शकुनने तिला जवळ घेतलं. मी नत्थुजीच्या श्वासाकडे लक्ष देऊन होतो. तो झोपलेला नव्हता.

शेषराव दारातून आत आला. "वयनी, तुमी जा. मी पाह्यतो ना भाऊले."

"तुमाले कूस तरी बदलता येते का?"

शेषरावाने मान खाली घातली. "शिकवा," तो म्हणाला.

"यायले इचारल्याबिगर मी उंबरा नाई वलांडनार," जमुना म्हणाली. नत्थुजीने डोळे उघडले. तिने मला दोघांच्या हातांवर टाकलं. "शकुन नेतो म्हन्ते. मी जाऊ का? एवढे दिवस." आणि तिने त्याची दोन बोटं धरली.

त्याने हात मागे ओढला.

जमुनेचा चेहरा पडला. "पाह्यलं?" ती बहिणीला म्हणाली आणि उठायला लागली. तिला बिचारीला बाजार काय माहीत! पण त्याने पुन्हा तिचा हात शोधला. सारा पंजा धरला. ती समजली, मला एकटं राहू दे म्हणतोय. ती हात सोडवू लागली, तर तो सोडेना. मग त्यानेच तिचा पंजा क्षणभर सोडून पुन्हा धरला. पाच आणि पाच. मग तळव्यावर तळवा दाबून ठेवला.

"वयनी, दहा!" शेषराव म्हणाला. माझ्या काठाची हालचाल पाहूनच तो ओळखून चुकला होता. "भाऊनं दहा दिवस देल्ले. पक्का सौदा हाये."

जमुना तोंडावर पदर धरून हुंदके देऊन रडली. शेषरावाचेही डोळे भरून आले.

निघायच्या सकाळी नत्थुजीची बाज अंगणात आणली. गाडी जुंपलेली होती. आळीतल्या बायका बघायला जमल्या होत्या आणि त्यांची कुजबुज चालू होती. जमुनेने शेषरावाला सगळं पुन्हा एकदा सांगितलं, मग सवयीने मला नत्थुजीच्या हातावर पसरलं आणि आपला हात पुढे केला.

नत्थुजीने डाव्या हाताने मला बाजूला सारलं. मी धुळीत पडलो. सगळ्या आळीसमोर, भर उन्हात, त्याने बायकोचा हात उघडा धरला. कुजबुज थांबली. मला बोटांचे सगळे आकडे येतात, पण त्या धरण्यात कुठलाच आकडा नव्हता. जमुना लाजेने लाल झाली, तरी तिने हात काढून घेतला नाही. शेवटी त्यानेच सोडला आणि मानेने गाडीकडे खूण केली.

त्या दहा दिवसांत शेषराव काय काय शिकला, ते तो स्वतः कुणाला सांगत नाही. जमुना परत आली तेव्हा तिच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं. तेव्हापासून शेषराव रोज दुपारी बाजार सोडून घरी येतो, भावाजवळ बसतो आणि जमुना झोपते. त्या नवरा-बायकोला माझी गरज पुन्हा पडली नाही. मी आता विटलो आहे, काठ उसवला आहे. माझी घडी करून नत्थुजीच्या लुळ्या कोपराखाली ठेवतात. काम हलकं आहे, तक्रार नाही.

आता दुपार झाली आहे. शेषरावाला आज बाजारात उशीर झालेला दिसतो. जमुना बाजेच्या पायथ्याशी जमिनीवरच झोपली आहे. नत्थुजी जागा आहे. त्याला तहान लागली आहे, तो सारखा ओठ चाटतो त्यावरून मला कळतं. डावा हात लांब केला तर तिच्या खांद्याला लागेल, पण तो हात लांब करत नाही. तेव्हा तुम्ही आता उठाच. त्या कोपऱ्यातल्या माठातलं घोटभर पाणी त्याला पाजा आणि जा. फक्त पायांचा आवाज करू नका.