भिंतीवरच्या काठ्या

धायरीच्या त्या मंगल कार्यालयात गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नसे. ढोल, कापूर, आणि समोरच्या भिंतीवर टांगलेल्या काठ्या. बऱ्या झालेल्यांच्या! प्रत्येकीवर नावपत्त्याची चिठ्ठी.

"काठी म्हणजे काय? डाऊट!" उत्तरेश्वर महाराज माइकवर गरजत. "हाडं झिजत नाहीत, श्रद्धा झिजते! टाका डाऊट!" की दोन सेवकांच्या मधून एखादी म्हातारी तुरुतुरु चालू लागे.

"माझे गुरुवार पुरे झाले की मीही काठी वाहणार," मुक्ताई आजी म्हणाली. फिजिओथेरपी शिकणाऱ्या तिच्या नातीला, पूर्णिमाला, आजीची ठिसूळ हाडं ठाऊक होती.

तिने संशोधनाला हाच विषय घेतला.

"आवडीचं उत्तर घरी ठेवून यायचं," तिच्या मार्गदर्शक अख्तरबानू मॅडम म्हणाल्या. "आधी धरायचं, काठी टाकल्याने काहीच फरक पडत नाही. मग आकड्यांनी ते मोडतं का, बघायचं."

भिंतीवरच्या चाळीस चिठ्ठ्यांवरून पूर्णिमा घरोघर गेली. त्याच वयाचे, तसंच दुखणं असलेले, पण काठी न सोडलेले चाळीस जण दवाखान्यातून घेतले. सहा महिन्यांत यांच्यातले सहा पडले होते. महाराजांचे एकोणीस!

"फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढी तफावत हजारात दोन-तीनदा दिसेल," मॅडम म्हणाल्या. "आजींना थांबवा."

पूर्णिमा पोचली तेव्हा आजी रांगेत पुढे होती.

"आजी, नको गं. आकडे बघ!"

"देवापुढे तुझे आकडे?"

"तो देव नाही, आजी. माइकवाला आहे."

आजीने काठी टाकली. ढोल वाजले. ती खरंच चालली. टाळ्यांच्या कडकडाटात सेवकांनी कोपरं सोडली, आणि पायरीशी आजी कोसळली. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला.

"श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले. "पुढचे या." सेवकाने आजीची काठी भिंतीवर टांगलीसुद्धा.

रुग्णवाहिकेला फोन लावून पूर्णिमाने माइक ओढून घेतला.

"ढोलाच्या भरात, दोघांनी कोपरं धरली की दुखणं घटकाभर विसरतं. चमत्कार तेवढाच! या काठ्यांचे मालक इथे आहेत? एकाने तरी उभं राहा."

कुणी उठलं नाही.

"जवळजवळ निम्मे पडलेत. कित्येक अंथरुणावर आहेत. त्यांनाही काठी लागत नाही, महाराज. एवढं तुमचं खरं!"

खाली आजी कण्हत होती. "पूर्णे, मलाही धर तुझ्या मोजणीत."

"मोजणी संपली, आजी. तू उशीर केलास."

रांगेतल्या एका आजोबांनी सेवकाच्या हातातली आपली काठी हिसकावून घेतली आणि ते टेकत टेकत दाराकडे निघाले.

बायांनो, देवाला जरूर हात जोडा. मीही रोज जोडते. पण कुणी भिंतीवरच्या काठ्या दाखवल्या, तर आधी विचारा, त्यांची माणसं कुठे आहेत? आणि उत्तर मिळेपर्यंत आपली काठी सोडू नका.