धाकट्याची वेल

घरातल्या धाकट्याचा दिवस चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात जाई. पुस्तकं निवडण्यात मात्र आपला हात कोणी धरू शकत नाही, असं निदान त्याला स्वतःला वाटे. घरचा नियम असा, की संध्याकाळच्या चहानंतर एकाने पुस्तक मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि हाती घेतलेलं मध्येच सोडायचं नाही. निवड धाकट्याची. पण शिंपल्यांवरचं पुस्तक आईने घोरत संपवलं आणि पूल बांधण्यावरच्या पुस्तकाने थोरल्या भावाचं डोकं उठलं.

"आता हे तिसरं," वहिनीने बजावलं. "हेही आपटलं, तर पुढची पुस्तकं मी आणणार, भाऊजी."

वहिनी नर्स होती आणि तिचा आवडता विषय पचनसंस्था होता.

म्हणून या खेपेला त्याने मन भारून टाकणाऱ्या वनस्पतींवरचं जाडजूड पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर जांभळं फूल, फुलात डोळा. लेखक म्हणे जंगलं पालथी घालून, स्वतः काढे पिऊन आला होता.

दुकानात जेवणाच्या सुट्टीत त्याने ते आधीच चाळून पाहिलं आणि नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा निघाला. पहिल्या प्रकरणात लेखकाची बॅग हरवली, दुसऱ्यात सापडली. तिसऱ्यात त्याने एका सहकाऱ्याची उणीदुणी काढली. शेवटी एकदाचा तो काढा प्याला आणि त्याने लिहिलं, 'हा अनुभव शब्दांत मांडता येत नाही.' पुढच्या ओळीपासून परतीचं तिकीट. धाकट्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. मांडता येत नाही, तर एवढी पानं कशाला काळी केलीस, बाबा?

त्या संध्याकाळी त्याने बॅगेचं पान उघडलं, घसा खाकरला आणि वाचू लागला, "या वेलीचा वास घेतला, की माणसाला आपल्या चपलांचं बोलणं ऐकू येतं."

आईच्या विणकामाच्या सुया थांबल्या. "काय बोलतात?"

"तक्रारीच जास्त," धाकटा पानावरची नजर न काढता म्हणाला.

मग रोज चपला भांडू लागल्या. डावी किरटी, उजवी घोगरी. थोरला कामावरून वेळेवर घरी येऊ लागला. दोन्ही आवाज काढून काढून धाकट्याचा घसा मात्र पार बसला.

"द्या, मी वाचते," म्हणत वहिनीने पुस्तक ओढून घेतलं.

धाकट्याच्या पायाखालची जमीन सरकली. वहिनीने खुणेचं पान उघडलं. तिथे बॅगेचं वजन किती, ते लिहिलं होतं. तिने एक पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग त्यानेच बनवून दिलेल्या चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. आई सुया खाली ठेवून वाट पाहत होती.

"शेवटी चपलांनी पंचायत बोलावली," वहिनी वाचू लागली. "वेलीच्या नावावर थापा मारणारा एक तरुण पकडला गेला. त्याला शिक्षा झाली, की महिनाभर घरातली सगळी भांडी त्यानेच घासायची."

"बरं केलं," आई म्हणाली.



वहिनीने पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. "हे संपलं," ती म्हणाली. "पुढचं कुठलं आणताय, भाऊजी?"